‘तुम्ही मुंब्र्यातच का राहता?’

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



दोस्तांनो, संयोजकांनी मला विषय दिला होता ‘मुस्लिम वस्त्यांचे प्रश्न’. मी त्यांना म्हटलं, त्यावर बोलायला अभ्यासक आहेत. मी एका खासगी कंपनीत हिशेब लिहिणारा माणूस आहे. मला एकाच वस्तीबद्दल बोलता येईल, जिथे मी बत्तीस वर्षं राहतोय. ते म्हणाले, तेच बोला. म्हणून आज फक्त मुंब्रा.

ऑफिसात नवीन माणूस आला की आठवड्याभरात विचारतो, “तुम्ही मुंब्र्यातच का राहता?” त्यात जोर मुंब्र्यावर नसतो, त्या ‘च’वर असतो. म्हणजे पगार बरा आहे, मराठी आमच्यासारखंच बोलता, डब्यात भाकरी-भाजी आणता, मग तिथेच का? माझ्याकडे दोन उत्तरं तयार असायची. बाहेरच्याला सांगायचो, “स्वस्त पडतं.” आपल्या लोकांत बसलो की सांगायचो, “दंगलीने आणलं.” दोन्ही खरी आहेत. पण दोन्ही उत्तरं अर्धीच आहेत, आणि उरलेलं अर्धं मी बरीच वर्षं स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

तुमच्यातले काही जण लातूर, मिरज, मालेगावकडून आलात, म्हणून आधी जागा सांगतो. मध्य रेल्वेने ठाणं सोडलं की कळवा, मग मुंब्रा, मग दिवा. एका बाजूला पारसिकचा डोंगर, वर मुंब्रादेवीचं देऊळ, दुसऱ्या बाजूला खाडी. मधल्या पट्टीत आम्ही, आणि पुढे कौसा, शीळ. कौशात जुनी वस्ती कोकणी मुसलमानांची, शेतीवाल्यांची. आसपास आगरी-कोळी. रेतीबंदरावर खाडीतली रेती निघायची. रेल्वे इथून १८५४ साली कल्याणला पोचली, डोंगराला वळसा घालून. पुढे १९१६ मध्ये पारसिकचा बोगदा झाला आणि लांबच्या, जलद गाड्या सरळ डोंगराच्या पोटातून जायला लागल्या. मुंब्रा वळशावर राहिलं, धिम्या गाडीचं स्टेशन म्हणून. शहराने डोंगर पोखरून मुंब्र्याला टाळलं ते आम्ही तिथे जायच्या पाऊणशे वर्षं आधी. तेव्हा सगळंच आपल्यामुळे झालं असंही समजू नका!

आता आमचं घर. आम्ही परळच्या बाजूला चाळीत राहायचो. दहा बाय बाराची खोली, पागडीची. अब्बा गोदीत कामाला. गाव मंडणगड तालुक्यात. चाळीतली निम्मी माणसं रत्नागिरी जिल्ह्यातलीच, शेजारचे काका तर आमच्याच तालुक्यातले. भाषा एक, सुकी मासळी एक, एस.टी. एक. गणपतीत मी आणि काकांचा मुलगा रात्रभर जागायचो. हे सांगताना गहिवर आणायचा माझा इरादा नाही. नळावर भांडणंही रोज व्हायची. माझी अम्मी भांडणात कुणाला हार जाणारी नव्हती.

जानेवारी १९९३ मध्ये मी तेरा वर्षांचा होतो. एका संध्याकाळी काकूंनी आमच्या दारावरची नावाची पाटी स्वतःच्या हाताने उचकटून काढली. उंबऱ्यावर रांगोळी घातली, दाराला तोरण बांधलं, आणि आम्हा पाच जणांना त्यांच्या माळ्यावर चढवलं. तीन रात्री आम्ही तिथे होतो. दुसऱ्या रात्री काही पोरं जिन्यावरून वर आली आणि विचारून गेली. काकू म्हणाल्या, “ते गावाला गेलेत.” त्यातल्या एकाचा आवाज मी ओळखला. तो आमच्याच गल्लीतला होता. इतकंच सांगतो, पुढे नाही.

न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये अहवाल दिला. त्यात डिसेंबर आणि जानेवारी मिळून ९०० मृत्यूंची नोंद आहे. ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, बाकीचे इतर किंवा ओळख न पटलेले. आमच्या घरातला या आकड्यात कुणी नाही. आम्हाला ओरखडाही आला नाही. तरी मार्चमध्ये अब्बांनी खोली दिली आणि आम्ही कौशाला आलो.

का? मला कित्येक वर्षं वाटायचं, भीतीने. एकदा, मी कमवायला लागल्यानंतर, अब्बांना विचारलं, “आपल्याला तर त्यांनी वाचवलं होतं. मग आपण का निघालो?” अब्बा म्हणाले, “वाचवलं म्हणूनच. रोज जिन्यात त्यांचं तोंड दिसायचं आणि माझी मान खाली जायची. तुझी अम्मी नळावर भांडायची बंद झाली, ते पाहिलंस का तू?”

मी पाहिलं नव्हतं. पण आठवून पाहिलं तर खरं होतं. फेब्रुवारीत अम्मी रांगेत गप्प उभी असायची, कुणी पुढे घुसलं तरी. ज्याने जीव वाचवला त्याच्याशी बादलीवरून कसं भांडणार? शेजारी हे नातं बरोबरीचं असतं. उपकाराने ते वरखाली झालं. काकूंची यात काडीचीही चूक नाही. शेवटपर्यंत ईदला शीरखुर्म्याचा डबा त्यांच्याकडे जायचा. पण अब्बांना अशी जागा हवी होती जिथे बायको नळावर भांडू शकेल.

दंगलीने आणलं, ते असं. ज्यांची घरं जळाली त्यांची गोष्ट वेगळी, आणि मुंब्र्यात तशी घरं गल्लीगल्लीत होती. प्रतीक्षानगरहून, जोगेश्वरीहून, कुठून कुठून आलेली. शाळेत माझ्या बाकावरचा मुलगा पहिलं वर्षभर कुणाशी बोलला नाही.

पण अम्मीला विचारलं असतं तर तिने दंगलीचं नाव दुसऱ्या नंबरवर घेतलं असतं. पहिल्या नंबरवर संडास. हसू नका. चाळीत मजल्याच्या टोकाला चार संडास, पहाटे डबा घेऊन रांग, बाईने रात्री जायचं तर कुणाला तरी उठवून. कौशात पागडीच्या पैशांत दोन खोल्या आल्या, मोरी आत, संडास आत, दाराला आतून कडी. अम्मी पहिल्या दिवशी सामान न लावता न्हाणीघरात शिरली आणि तासभर बाहेर आली नाही. शिवाय माझी खाला दोन महिने आधी तिथे आली होती, समोरच्याच बिल्डिंगमध्ये. बायकांच्या हिशेबात घर म्हणजे अर्धं हेच असतं, की हाक मारली तर कोण येईल. घर बदलायचं ठरलं तेव्हा अम्मीला कुणी विचारलं नव्हतं. पण विचारलं असतं तरी ती हो म्हणाली असती, आणि तिची कारणं अब्बांहून वेगळी असती. आपल्या वस्त्यांवर लिहिणारे हे फारसं लिहीत नाहीत. त्यांच्या लेखी आपण एक तर घाबरून आलो किंवा कट्टर म्हणून आलो. संडासासाठी माणूस शहर बदलतो, हे त्यांना सुचत नाही.

मग गाव. मुंब्र्याहून कोकण जवळ. दिवा पुढचंच स्टेशन, तिथून सावंतवाडीची गाडी सुटते. पनवेलकडे जाणारा रस्ता दारातून, तो धरला की मुंबई-गोवा महामार्ग. कौशात तांदळाची भाकरी मिळते, सांदण मिळतात, सोडे-सुकट मिळते. आमच्यासारखी कोकणी घरं आली, उत्तर प्रदेशातून आली, मराठवाड्यातून आली, मालेगावकडून आली. एकमेकांना समजेल अशी भाषा म्हणून रस्त्यावर हिंदुस्तानी चालली, आणि आमच्या पुढच्या पिढीची मराठी घरात दादीपुरती उरली. हे मला बोचतं. मुंब्र्यातला दुकानदार मला म्हणतो, “आप मराठी हो?” आणि ठाण्यातला म्हणतो, “तुम्ही मुस्लिम असून मराठी छान बोलता.” दोघांनाही एकच उत्तर द्यावंसं वाटतं, पण ते व्यासपीठावर सांगण्यासारखं नाही.

मुलींचं काय? इथेही दोन्ही बाजू आहेत. माझ्या धाकट्या बहिणीला परळला असताना अब्बा अंधार पडल्यावर खाली सोडत नसत. मुंब्र्यात ती क्लासवरून रात्री नऊला एकटी यायची, कारण रस्त्यावर सगळी आपली माणसं. आणि तीच आपली माणसं दुसऱ्या दिवशी अब्बांना सांगायची, “तुमची मुलगी काल स्टेशनजवळ कुणाशी तरी बोलत होती.” सुरक्षाही त्याच खिडक्यांची, पहाराही त्याच खिडक्यांचा. तरी याच मुंब्र्यात आवाज-ए-निस्वाँचं रहनुमा ग्रंथालय उभं राहिलं, जिथे मुली नुसतं बसायला, वाचायला जाऊ शकल्या. याच मुंब्र्यात ‘परचम’ने २०१२ च्या सुमारास मुलींचा फुटबॉल सुरू केला. माझ्या भाचीने तिथे पहिल्यांदा चेंडूला लाथ मारली. घरी आठ दिवस कुणाला सांगितलं नव्हतं.

आता ज्याला मी ‘स्वस्त पडतं’ म्हणायचो, त्याचा खरा हिशेब. शेवटी मी हिशेबवाला.

नव्वदच्या दशकात मुंब्र्यात रातोरात स्लॅब पडायचे. लोक येत होते, डोक्यावर छप्पर हवं होतं, पैसे रोख होते. कुणी परवानगी विचारली नाही, कुणी दाखवली नाही. आमच्याकडे घराचा कागद म्हणजे स्टँप पेपरवर नोटरी. भोगवटा प्रमाणपत्र नाही, सोसायटी नोंदलेली नाही, जमीन कुणाच्या नावावर ते आजही वाद आहे. घर स्वस्त होतं, कारण त्याच्यावर बँक कर्ज देत नाही. जे विकत घ्यायचं ते पूर्ण रोखीने, दागिने मोडून, आखातातल्या भावाकडून मागून. ज्याच्याकडे तेवढे नाहीत तो ‘हेवी डिपॉझिट’वर राहतो. म्हणजे मालकाला काही लाख एकरकमी द्यायचे, भाडं नाही, निघताना पैसे परत. मालकाने ते पैसे खर्च केले असतील तर मग निघूच शकत नाही. अशी अडकलेली कुटुंबं मी ओळखतो.

स्वस्ताईची दुसरी किंमत ४ एप्रिल २०१३ ला कळली. शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमध्ये बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली. ७४ माणसं मेली. त्यात मजूर होते, त्यांची मुलं होती, अर्धवट इमारतीत राहायला आलेली कुटुंबं होती. त्या रात्री आमच्या बिल्डिंगमधले सगळे पुरुष खाली उतरले आणि टॉर्च घेऊन स्वतःच्या खांबांकडे बघत बसले. मीही बघत होतो. कळत कुणालाच काही नव्हतं. सकाळी सगळे कामावर गेले.

आणि मग पत्त्याची किंमत. मी एकदा क्रेडिट कार्डासाठी अर्ज केला. पगार बसत होता, कागद बसत होते. शेवटी मुलीने फोनवर हळूच सांगितलं, “सर, तुमचा एरिया निगेटिव्हमध्ये आहे.” मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल. पुढे सच्चर समितीचा २००६ चा अहवाल वाचला. त्यात हे लिहिलेलं होतं, की काही बँका मुस्लिमबहुल भागांना असे शिक्के मारतात. भीतीने लोक एकत्र राहायला येतात आणि एकत्र आल्यावर त्या भागाकडे नागरी सोयी पाठ फिरवतात, हेही लिहिलेलं होतं. दिल्लीच्या अहवालात आपला पिनकोड वाचल्यासारखं वाटलं.

पण दोस्तांनो, इथे थांबलो तर मी नेहमीचंच रडगाणं गायलो असं होईल. कारण एक प्रश्न मला ट्रेनमध्ये पडला आणि त्याने माझी दोन्ही तयार उत्तरं बिघडवली.

आमच्या चाळीतल्या काकांचा मुलगा, गणपतीत माझ्यासोबत जागणारा, मला एकदा ठाण्याला फलाटावर भेटला. म्हणाला, चाळीतली खोली त्यांनीही विकली, आम्ही गेल्यावर काही वर्षांनी. गिरणी बंद, मुलं मोठी, जागा पुरेना. कुठे गेले? दिव्याला! आमच्या पुढच्या स्टेशनवर. सकाळी एकाच लोकलला आम्ही लटकत होतो आणि आम्हाला माहीत नव्हतं. दिव्याचं त्याने सांगितलं ते मी न बघताही सांगू शकलो असतो. बिल्डिंग अनधिकृत, कागद नोटरीचा, पाणी टँकरचं, कर्ज नाही. शेजारी बहुतेक रत्नागिरीवाले. त्याची आईसुद्धा म्हणायची, संडास आत आहे एवढं बरं. त्याला कुणी विचारत नाही, तुम्ही दिव्यातच का राहता. गरीब माणूस जिथे परवडतं तिथे राहतो, सगळ्यांना कळतं.

म्हणजे मुंब्र्याच्या गोष्टीतला अर्धा भाग गरिबीचा आहे. तो आपण सोडून देतो, कारण दंगलीची गोष्ट सांगताना आपली मान ताठ राहते, गरिबीची सांगताना राहत नाही. आणि गरिबीची लढाई दिव्यातल्या माणसाला सोबत घेतल्याशिवाय लढता येणार नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन भरलेल्या लोकल एकमेकींशेजारून गेल्या आणि दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, त्यातले काही मेले. त्या दारात दिव्याचा माणूस आणि मुंब्र्याचा माणूस एकाच दांडीला धरून असतो. मी पंचवीस वर्षं ती दांडी धरलेली आहे.

मग फरक कुठे आहे? तेही त्याच फलाटावर कळलं. मी विचारलं, “अजून दिव्यालाच?” तो म्हणाला, “नाही रे, सहा वर्षं झाली, डोंबिवलीत घेतला. लोन झालं. तू?” मी म्हटलं, “कौशातच.” तो म्हणाला, “अरे, तुझा पगार तर माझ्यापेक्षा जास्त असेल.”

दिवा त्याच्यासाठी पायरी होती. मुंब्रा माझ्यासाठी मुक्काम झाला. एखाद्या जागी माणूस आपल्या मर्जीने राहतो का, हे तो तिथे कसा आला त्यावरून मी आता ठरवत नाही. त्याला तिथून निघता येतं का, ते बघतो. मुंब्र्यात येण्याची कारणं शंभर आहेत आणि त्यातली बरीचशी आमची स्वतःची आहेत. जायचं ठरवलं की मात्र एकच गोष्ट आडवी येते.

माझ्या भाच्याचंच सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये आहे, लग्न ठरलंय, बायको नवी मुंबईत नोकरीला. गेल्या वर्षी घर शोधत होता. कर्ज मंजूर, खिशात पैसे. ठाण्यापलीकडच्या एका मोठ्या संकुलात फ्लॅट बघितला, मालकाशी चहा झाला, तोपर्यंत मालक त्याला आडनावावरून मराठा समजत होते. आपल्या कोकणातली आडनावं तुम्हाला माहीत आहेत. टोकनच्या वेळी पूर्ण नाव लिहिलं. मालक म्हणाले, “माझं काही नाही हो, कमिटीचं थोडं असतं.” दुसऱ्या ठिकाणी एजंटने फोनवरच विचारलं, “दादा, व्हेज का नॉनव्हेज?” हा म्हणाला नॉनव्हेज. एजंट म्हणाला, “नॉनव्हेज चालेल, पण...” त्या ‘पण’पुढे तो काही बोललाच नाही. सहा महिन्यांनी भाचा मुंब्र्यात परत आला आणि ऑफिसात सांगायला लागला, “मला मुंब्रा आवडतं, माझी माणसं आहेत, फूड भारी आहे.” सगळं खरं आहे. मलाही आवडतं. पण ते सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी ओळखतो, कारण मीही वीस वर्षं तेच सांगत आलोय. नकार पचवायचा तर त्याला आपली आवड म्हणावं लागतं.

कायदा विचाराल. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात, १९६० च्या, कलम २३ आहे. पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही. दुसरीकडे २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात म्हटलं, की सदस्यत्व आपल्याच समाजापुरतं ठेवणारी उपविधी संस्थेला ठेवता येते. म्हणजे दार कायद्याने पूर्ण उघडंही नाही, बंदही नाही. आणि खरं सांगायचं तर नकार कागदावर येतच नाही. ‘कमिटीचं थोडं असतं’ यावर कुठल्या कलमाखाली जाणार?

इथपर्यंतचं भाषण मी आधी दोन ठिकाणी केलंय. टाळ्याही मिळाल्या. आज पुढचं सांगणार आहे. ते मी याआधी केलेलं नाही.

आमच्या बिल्डिंगला कमिटी आहे. नोंदणी नसली तरी कमिटी आहे, पाण्याच्या मोटारीसाठी, लिफ्टसाठी. मी तिचा हिशेब बघतो. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यावरची खोली रिकामी झाली. एक बाई बघायला आल्या. बौद्ध, नवरा वारलेला, दोन मुलं, जवळच्या मराठी शाळेत शिक्षिका. शाळेला चालत जाता यावं म्हणून त्यांना इथेच हवं होतं. मालक द्यायला तयार होता. मीटिंग झाली. एक जण म्हणाला, “बाई चांगल्या आहेत, पण उद्या बाहेर काही झालं तर? त्यांना काही झालं तर आपल्यावर येईल.” दुसरा म्हणाला, “एकाला दिलं की रस्ता पडतो.” तिसऱ्याने विचारलं, “त्या काय खातात?” यावर खरं तर हसू यायला हवं होतं. आमच्या बिल्डिंगमध्ये हा प्रश्न! कुणी हसलं नाही. मग सेक्रेटरी माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “भाई, तुम्ही चळवळीत असता, तुमचं काय मत?”

मी म्हणालो, “मेजॉरिटी जे ठरवेल ते.”

खाली बाई मुलांना घेऊन उभ्या होत्या. निरोप द्यायला मलाच पाठवलं, कारण माझं मराठी चांगलं. मी म्हटलं, “बाई, माझं काही नाही, कमिटीचं थोडं असतं.” त्या म्हणाल्या, “हो, असतं ना,” आणि मुलांना घेऊन गेल्या. त्यांना तो आवाज ओळखीचा असणार.

भाच्याने त्या मालकाचं वाक्य मला सांगितलं तेव्हा मी चिडलो, खूप बोललो, व्हॉट्सअपवर लिहिलं. आणि रात्री झोपताना आठवलं की शब्दन् शब्द तेच वाक्य मी त्याच्या तीन वर्षं आधी बोललो होतो. दोन्ही नकार सारखेच, असं मी म्हणत नाही. ज्याला शहरभर घर मिळतं त्याचा नकार आणि ज्याला एकाच कोपऱ्यात मिळतं त्याचा नकार, यात फरक आहे, आणि आमच्या मीटिंगमधली ‘उद्या काही झालं तर’ ही भीती खोटी नव्हती. त्या माणसाचं घर १९९३ मध्ये जळालं होतं. पण त्या बाईंना त्या फरकाचा काय उपयोग? त्यांना तर शाळेला चालत जायचं होतं.

आणि हे परक्यांपुरतं नाही. त्याच कमिटीने तलाक झालेल्या एका मुस्लिम मुलीला खोली नाकारली, एकटी राहणार म्हणून. तेव्हा तर माझं मत कुणी विचारलंही नाही, आणि मी ते दिलंही नाही.

ती दुसऱ्या मजल्यावरची खोली आता परत रिकामी झालीय. पुढच्या रविवारी मीटिंग आहे. मी सेक्रेटरींना लेखी दिलंय की भाडेकरू कोण, हा विषय कमिटीचा नाही, मालकाचा आहे, आणि कमिटी अडवणार असेल तर मी हिशेब बघणार नाही. त्यांनी कागद खिशात ठेवला. म्हणाले, “बसून बोलू.” आमच्याकडे ‘बसून बोलू’ म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे.

मागच्या आठवड्यात मी त्या बाईंचा नंबर शोधून काढला आणि फोन केला. त्या आता कळव्याला राहतात, रोज लोकलने येतात, एकच स्टेशन, पण सकाळच्या गर्दीत. मी नाव सांगितलं, बिल्डिंग सांगितली, खोली रिकामी आहे म्हणून सांगितलं. आधी त्यांना आठवेना. मग आठवलं. म्हणाल्या, “अहो सर, मुलगा दहावीला आहे, आता कशाला?” मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, “आता कमिटीचं काय?”

मी म्हटलं, रविवारनंतर फोन करतो.

बरं. चहा आलेला दिसतोय. प्रश्न असतील तर आधी तेच घेऊ. मागे बसलेल्या मुलींनी आधी विचारा.